अखेरचे दर्शन, रविवारी सकाळी दहा वाजता

११ जानेवारी, रविवार

इंग्लंडातल्या लीड्सच्या बाईकडून मागवलेलं जुनं चित्राचं पोस्टकार्ड काल एकदाचं आलं. पोस्टमनने सही घेतली आणि विचारलं, परदेशात कोण आहे तुमचं? कोणी नाही, म्हटलं. देशात तरी कोण आहे, हे त्याने विचारलं नाही. चांगला माणूस आहे.

कार्ड झकास आहे. मोठ्या जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या जुन्या गिरणीच्या, फाटकापासून कापसाच्या बैलगाड्यांची रांग, ती पार चित्राच्या बाहेर गेलेली. मागे धुराची उंच चिमणी. इथे कापूस खरेदीला आलेल्या कुणा गोऱ्या एजंटाने १९१३ साली ते बहिणीला पाठवलं होतं. मागे लिहिलंय, की या गावात धूळ आणि बैल सोडून काही नाही, आणि तू पत्र का लिहीत नाहीस. धुळीबद्दल त्याचं म्हणणं आजही खरं आहे. बहिणीने पुढे लिहिलं की नाही, देव जाणे.

आता तेवीस कार्डं झाली. सरकी काढायची, रुईच्या गाठी दाबायच्या आणि आगगाडीने मुंबईला धाडायच्या, एवढ्या उद्योगावर हे खामगाव वाढलं, आणि ते सगळं माझ्या लोखंडी कपाटात दुसऱ्या कप्प्यात आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात सगळे विचारतात, म्याडम, तुम्हाला त्या बंद गिरणीचं एवढं काय? इतिहासाची आवड, असं मी सांगते. बाबा तरुणपणी हंगामाला जानेफळहून इथे मोठ्या जिनात कामाला यायचे, घरी परतायचे तेव्हा भुवयांत रुई असायची, हे खरं आहे. पण त्याचा याच्याशी संबंध नाही.

१९ जानेवारी, सोमवार

मोठ्या जिनाची चिमणी मार्चअखेर पाडणार. चहाच्या टपरीवर कळलं. तिथे प्लॉट पडणार आहेत. सांगणारा आनंदात होता, त्याचा मेव्हणा एक घेतोय.

दिवसभर कामात लक्ष नव्हतं. एका मुलाला पुस्तकाची तारीख मागच्या वर्षाची टाकून दिली.

३ फेब्रुवारी, मंगळवार

ठरलं. चिमणी पडायच्या आत कार्डांचं प्रदर्शन भरवायचं. मोठ्या जिनात राबलेली माणसं आणि त्यांची घरं, एवढ्यांनाच बोलवायचं. पुढारी नको, फीत नको, शाल-श्रीफळ तर नकोच.

कॉलेजने हॉल नाकारला, परीक्षा आहेत म्हणे. घरमालकीण जनकाबाईंना ते सांगितलं तर त्या म्हणाल्या, आपली ओसरी काय वाईट आहे? त्यांचे यजमान जिनातच फिटर होते, ते वारले त्याला वीस वर्षं झाली. जिनातल्या कोणाचं घर कुठे, हे त्यांना अजून तोंडपाठ आहे. मी लिहीत गेले आणि त्या सांगत गेल्या. चाळीस पत्ते झाले. मध्येच त्यांनी विचारलं, तुझा बापही होता ना गं जिनात? मी पेन झटकलं आणि शाई संपली म्हणाले.

१४ फेब्रुवारी, शनिवार

गंधारचा मेसेज. चार वर्षांनी. गॅसचं कनेक्शन अजून त्याच्या नावावर आहे, ते बदलून घे. वेगळं झाल्यावर भांडी, पुस्तकं, टेबल, सगळं वाटून झालं होतं, सिलिंडर तेवढा राहिला होता. बदलून घेते म्हणून कळवलं. त्याने अंगठा पाठवला.

आम्ही वेगळे झालो हे जानेफळला कोणालाच माहीत नाही. अकरा वर्षांपूर्वी जातीबाहेर लग्न केलं, तेव्हा बाबा ओट्यावर उभं राहून आख्ख्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले होते, आमची पोरगी मेली. मेलेल्या माणसाने घटस्फोट कळवायची पद्धत नाही. मी नंबरही बदलला आहे. त्यांचा मात्र मला पाठ आहे. लावत नाही, पाठ आहे एवढंच.

आज स्वयंपाक केला नाही. मुरमुरे खाल्ले.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आमंत्रणाचा मजकूर तीनदा लिहिला. कार्डासारखं कार्ड हवं. पुढे चिमणीचं चित्र, मागे चार ओळी. 'सप्रेम निमंत्रण' नको, लग्नाचं वाटतं. 'निरोप समारंभ' नको, मुख्याध्यापक निवृत्त झाल्यासारखं वाटतं. शेवटी 'अखेरचे दर्शन' सुचलं. नेमका शब्द. चिमणीचं दर्शन लोक दहा कोसांवरून घेत, आणि हे अखेरचंच. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'मोठे जिन, खामगाव', खाली वार, वेळ, घराचा पत्ता आणि माझं नाव. बस्स. जुन्या कार्डांवर कुठे फापटपसारा असतो?

स्वतःवर बेहद्द खूश आहे. कोणाला तरी वाचून दाखवावंसं वाटलं. जनकाबाई सिरियल बघत होत्या.

६ मार्च, शुक्रवार

छापखान्यातल्या नव्या माणसाने घोळ घातला. कटरखाली गठ्ठा सरकला आणि सगळ्या कार्डांचा वरचा डावा कोपरा उडाला. 'मोठे जिन, खामगाव' कोपऱ्याबरोबर गेलं. मी चिडले, तो म्हणाला, परत छापून देतो, पण मंगळवार उजाडेल. मंगळवारी मिळून पोस्टात कधी पडणार आणि लोकांना पोचणार कधी?

घरी आणून पाहिलं तर वाईट दिसत नाही. उलट कोपरा गेल्याने कार्डाला जुनेपणा आलाय. दुसऱ्या बाजूला एवढी टोलेजंग चिमणी छापली आहे, कशाचं दर्शन ते आंधळ्यालाही कळेल.

जनकाबाई लेकीकडे शेगावला गेल्या आहेत. घर फार मोठं वाटतं. कुलूप त्यांच्या खोलीला आहे आणि कोंडल्यासारखं मला होतंय.

९ मार्च, सोमवार

ऑफिसच्या प्रिंटरवर पत्त्यांची लेबलं काढून चिकटवली आणि दुपारच्या सुट्टीत कार्डं पेटीत टाकली. चाळीस पत्ते, एकेचाळीस कार्डं. एक लेबलही रिकामं होतं. वाया कशाला घालवायचं म्हणून त्यावर जानेफळचा पत्ता टाकला. तेही छापीलच. हाताने लिहिलं असतं तर बाबांनी अक्षर ओळखून फेकून दिलं असतं.

येणार नाहीत, मला माहीत आहे. मोठं जिन त्यांचं होतं, तेवढं कळवणं माझं काम.

१२ मार्च, गुरुवार

कोणाचा फोन नाही. कार्डावर नंबरच टाकला नाही हे आज लक्षात आलं. शहाणीच आहे मी.

सकाळी कपडे वाळत घालत होते तर एक म्हातारे गृहस्थ फाटकाशी आले. अर्पिताबाईंचं घर हेच का? म्हटलं, मीच अर्पिता, या ना. तर ते नमस्कारही न करता मागच्या पावली वळले, आणि कोपऱ्यापर्यंत जाताना दोनदा वळून पाहिलं. खामगावच्या लोकांना बाईमाणसाशी बोलायची रीत कधी येणार कोण जाणे.

जनकाबाई परतल्या. पेढे आणले. त्यांना दाखवायला एकही कार्ड उरलं नव्हतं.

१४ मार्च, शनिवार

बाबा आले होते.

क्रमाने लिहिते, नाहीतर जमणार नाही.

दुपारी ओसरीच्या आतल्या भिंतीला दोऱ्या बांधून उद्यासाठी कार्डं अडकवत होते. जनकाबाई पायरीवर गहू निवडत होत्या. फाटक वाजलं आणि पुरुषाचा आवाज आला, "अर्पिताचं घर हेच का वो? घरी आणली का तिले, का अजून दवाखान्यातच हाये?"

आवाज मी ओळखला. शब्दांचा अर्थ मात्र लागेना. दोरी हातात घेऊनच बाहेर आले. बाबा उभे होते, खांद्यावर दुपट्टा, हातात कापडी पिशवी. वाळले आहेत. मला पाहिलं आणि ते आहे तिथे, मातीतच खाली बसले. जनकाबाईंनी पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. बराच वेळ ते माझ्या पावलांकडेच बघत होते. चप्पल तुटकी होती म्हणून असेल. मी पाय मागे घेतले.

मग त्यांनी खिशातून माझं कार्ड काढलं, दोनदा घडी घातलेलं. ते पाहताच जनकाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अवं पोरी, कोपरा काऊन कापला?"

मग त्यांच्याकडून मला सगळं कळलं. पूर्वी कोणी गेलं की ते कळवायच्या कार्डाचा कोपरा फाडून पाठवायचे, म्हणजे हातात येताच समजावं. ते घरात घ्यायचं नाही, बाहेरच वाचायचं आणि तिथेच फाडून टाकायचं. माझ्याकडच्या कार्डांचे छापखाने, शिक्के, तिकिटं मी झोपेतही सांगेन, पण हे मला ठाऊक नव्हतं. कसं असणार? माझ्या वयाच्या बाईला अशी कार्डं कधी आलीच नाहीत, आणि फाडून टाकलेलं कार्ड कोणाच्या संग्रहात सापडत नाही. वर 'अखेरचे दर्शन' हा माझा नेमका शब्द, आणि खाली नाव अर्पिता.

पोस्टमन आज सकाळी त्यांच्या अंगणात आलाच नाही म्हणे. त्याने बाबांना रस्त्यावर बोलावलं आणि कार्ड हातात देऊन मान खाली घातली. हर्षलने, माझ्या भावाने, माझा जुना नंबर लावला, तर हा क्रमांक अस्तित्वात नाही असं त्याला ऐकू आलं. बाबा तसेच निघाले. दुसऱ्या बाजूचं चित्र कोणी पाहिलंच नाही. रविवारी दहाला नेणार म्हणजे आज दवाखान्यात ठेवली असेल, असा हिशोब करत ते एसटीत बसून आले.

मी म्हणाले, बाबा, छपाईची चूक आहे.

ते म्हणाले, "अकरा वर्सं मी मेली मेली म्हनत राह्यलो. आज त्यानं कागद हातात देल्ला तं पायच उचलेना." आणि दुपट्टा तोंडावर घेतला. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मला जवळ जाऊन बसता आलं नाही. मी दोरी गुंडाळत राहिले.

थोड्या वेळाने त्यांनी घरी फोन लावला. जिती हाये, एवढंच म्हणाले. पलीकडून नुसता गलका, मग आईचा आवाज. रडणं झाल्यावर ती विचारत होती, की शेजारपाजारच्यांनी पिठलं-भाकरी आणून दिली आहे, आता त्यांना काय सांगू? बाबा म्हणाले, खाऊन घ्या म्हणा. आईने मला फोन द्यायला सांगितला असेल, असं मला वाटलं. बाबांनी फोन खिशात ठेवला. घरात कोण कोण बसलं असेल, त्यांच्यासमोर कसं बोलणार ती.

पिशवीतून हिरवा काठपदर डोकावत होता. माहेरची साडी. लेकीला शेवटची नेसवायची ती माहेराहून आणतात, एवढं मला माहीत आहे. गंधारचं त्यांना ठाऊक नाही, म्हणून हिरवी. वाटेत दुकान उघडायला लावून घेतली असणार. अकरा वर्षांत माहेराहून आलेली पहिली साडी, आणि मला ती हवी होती. लाज सोडून मी हात पुढे केला. बाबांनी पिशवी पाठीमागे ओढली. "हे तुले नाही. हे नदीत सोडतो. तुले दुसरी घेईन."

तेव्हाच मी गंधारचं सांगून टाकलं. ते ऐकून घेतलं त्यांनी. किती वर्षं झाली, विचारलं. चार, म्हटलं. चार वर्सं एकटी हायेस, म्हणाले.

मी ओसरीत नेऊन त्यांना कार्डं दाखवली, दोरीवर लावली होती तेवढी. बैलगाड्या, गाठी दाबायच्या प्रेसवर उभी माणसं, सरकी निवडणाऱ्या बाया, रंग भरलेली गुलाबी आभाळाची चिमणी. इतके दिवस जमवलेलं सगळं. त्यांनी एकही कार्ड नीट पाहिलं नाही. मी कार्डाकडे बोट दाखवायची आणि ते माझ्याकडे बघायचे.

पाचच्या गाडीला निघताना फाटकात थांबले. आतल्या आत काहीतरी जुळवत असल्यासारखे. मग विचारलं, "बाई, तुले कावळा शिवला व्हता का?"

मी म्हणाले, नाही बाबा, कावळ्याबिवळ्याचं काही नाही, कटरखाली गठ्ठा सरकला. छापखान्यात नेऊन दाखवते हवं तर.

बरं, म्हणाले. आणि गेले.

त्याच दिवशी, संध्याकाळी

जनकाबाईंनी मला चांगलं फैलावर घेतलं. कावळा डोक्याला शिवला की मरण येतं म्हणतात. मग तो माणूस मेल्याची खोटी बातमी नातलगांना धाडतात. ते रडले की मरण टळतं, आणि त्याबद्दल कोणी कोणावर रागवायचं नसतं. "तुह्या बापाले गावात तोंड दाखवा लागते. छपाईवाल्याची गोष्ट कोन मानंन? पोरीनं म्हाताऱ्याची थट्टा केली म्हनतीन. त्यानं तुले वाट काढून देल्ली, अन् तू कटर घेऊन बसली."

मी म्हणाले, मला कसं कळणार? त्यांनी सरळ सांगायचं होतं.

त्या गहू उचलून आत गेल्या.

जानेफळचा नंबर पाठ आहे. तीनदा आकडे दाबले आणि पुसले. लावून काय बोलू? बाबा, तो कावळा शिवला होता, मी विसरले? अकरा वर्षं खरं बोलल्याचा ताठा मिरवला, आणि आज एक साधं खोटं वेळेवर तोंडातून निघालं नाही. ते आता परत यायचे नाहीत, असं वाटतंय. मेलेल्या पोरीला भेटायला येता येतं, जिवंत पोरीकडे यायला काहीतरी निमित्त लागतं.

१५ मार्च, रविवार

सकाळी दहाला ओसरी भरली. वीसेक माणसं असतील. अर्धी पांढऱ्या कपड्यांत. मला बघून त्यांची जी तोंडं झाली ती जन्मात विसरणार नाही. जनकाबाई फाटकात उभ्या राहून एकेकाला समजावत होत्या. इंद्रभानजी नावाचे जुने हमाल हार घेऊन आले होते. तो आता कोणाला घालायचा असा प्रश्न पडला. शेवटी त्यांनी तो गुलाबी आभाळाच्या चिमणीला घातला. सगळे हसले. मग एकेक जण कार्डांजवळ जाऊन बघू लागला. ही आपली पत्र्याची शेड, इथे आपण जेवायला बसायचो. मी मागे उभी होते. छान झालं म्हणायचं.

एकपर्यंत सगळे पांगले. जनकाबाई पडल्या. मी दोऱ्या सोडल्या नाहीत. ओसरीत बसून राहिले, समोर सगळं खामगाव टांगलेलं, आणि मला इतकं एकटं वाटलं की ग्लासभर पाणी प्यायला उठवेना.

साडेतीनच्या सुमाराला अनोळखी नंबर वाजला. हर्षल. अकरा वर्षांनी. नमस्कार नाही, चमत्कार नाही. नंबर त्याने कुठून मिळवला ते नंतर कळलं, बाबा काल फाटकातून जनकाबाईंकडून कागदावर घेऊन गेले होते. मला पत्ताही नव्हता.

त्याच्या मागे बरीच माणसं बसल्याचा आवाज येत होता. बायकांच्या बांगड्या, कोणाचा खोकला. फोन मोठ्या आवाजावर ठेवलेला. तो घसा साफ करून, सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "बाबा सांगून राह्यले, का तुले कावळा शिवला व्हता, म्हून तू बातमी धाडली. खरं हाये का?"

बाबाही तिथेच असतील.

"हाव," मी म्हणाले.

"कुठं शिवला?"

"डोक्शाले."

कोणीतरी बाई 'माय वं' म्हणाली. मग एकदम सगळे बोलायला लागले, कोणी विचारत होतं घरात की बाहेर, कोणी सांगत होतं की त्यांच्या मामालाही असाच शिवला होता. त्या गलक्यात फोन कोणी तरी ओढून घेतला.

"मंग असं फोनवर जमत नाही," आई म्हणाली. "बातमी खोटी पडली, का घरी येऊन तोंड दाखवा लागते. सगळ्यायले. चार दिवस तरी राहा लागते. रीतच हाये तशी."

मी बरं म्हणाले. उद्या रजेचा अर्ज देते आहे.

अशी रीत खरंच आहे, की आईने बसल्या जागी काढली, हे मी विचारलं नाही. जनकाबाईंनाही विचारणार नाही.